‘सर्किट’ या शब्दाचा फेरा

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात जे शुभेच्छाफलक लागले, त्यांवर ‘सर्किट बेंच’ हे दोन शब्द ठळक अक्षरांत झळकत होते. चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या आंदोलनाला फळ आले होते. त्या वर्षी १ ऑगस्टला अधिसूचना निघाली. १७ ऑगस्टला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १८ ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरातही सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी त्यामुळे टळली. आनंद मोठा होता आणि तो रास्तही होता.

मात्र त्या आनंदातही एक प्रश्न अनेकांच्या मनात होता. आंदोलन झाले ते खंडपीठासाठी. मिळाले ते ‘सर्किट बेंच’. मग हे ‘सर्किट’ म्हणजे नेमके काय? विजेच्या बोर्डात जळते ते सर्किट आपल्याला ठाऊक आहे. ताराबाई पार्कातले सर्किट हाऊस ठाऊक आहे. ‘मुन्नाभाई’चा जिवलग साथीदार सर्किटही ठाऊक आहे. या सर्वांचा न्यायालयाशी काय संबंध? आणि खंडपीठाच्या जागी ‘सर्किट’ हा शब्द आला, तर पदरात काही कमी पडले काय?

प्रश्न वरवर पाहता शब्दकोशाचा आहे. परंतु त्याचे उत्तर सहा जिल्ह्यांच्या न्यायाशी निगडित आहे. म्हणून या एका शब्दाचा मागोवा थोडा सविस्तर घेतला पाहिजे.

मूळ अर्थ : फिरून पुन्हा जागेवर

‘सर्किट’ हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला. ‘सर्कम’ म्हणजे सभोवती आणि ‘इरे’ म्हणजे जाणे. या दोहोंतून सभोवती जाणे, वळसा घालणे, फेरा पुरा करणे हा अर्थ सिद्ध झाला. आपल्याकडे या कल्पनेला शब्दांची वाण नाही. देवाभोवती घालतो ती प्रदक्षिणा, नर्मदेभोवती करतात ती परिक्रमा, रंकाळ्याभोवती सकाळी मारतो ती फेरी, सरकारी अधिकारी करतो ती फिरती, पुढारी आणि नाटक कंपन्या करतात तो दौरा. नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते आणि शहराचा फेरा पुरा करून मंदिरात परतते. लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ समजून घेण्यासाठी कोल्हापूरकराला याहून दूरचा दाखला नको.

येथे दोन्ही भाषांच्या स्वभावातला फरक दिसतो. मराठीने फिरण्याच्या प्रत्येक प्रकाराला निराळा शब्द दिला. प्रदक्षिणेत भक्ती आहे, फिरतीत नोकरी आहे, फेरीत विरंगुळा आहे. शब्द उच्चारताच कोण फिरते आणि कशासाठी फिरते, हे कळते. इंग्रजीने मात्र एकच शब्द घेतला आणि जिथे जिथे फेरा दिसला तिथे तिथे तो लावला. म्हणून इंग्रजीतला ‘सर्किट’ ओळखायचा, तर त्याच्या शेजारचा शब्द पाहावा लागतो. हाऊस, शॉर्ट, बेंच यांपैकी कोण सोबत आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

विजेचे सर्किट आणि ‘बंद’चा घोटाळा

सर्वांत परिचित अर्थ विजेचा. विद्युतप्रवाह घटाच्या एका टोकाकडून निघतो, तारेतून, दिव्यातून जातो आणि दुसऱ्या टोकाशी परततो. हा फेरा पुरा झाला तरच दिवा लागतो. म्हणून त्या मार्गाला सर्किट म्हटले गेले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी ‘परिपथ’ हा नेटका शब्द स्वीकारला आहे.

गंमत पुढे आहे. इंग्रजीत दिवा लागलेला असतो तेव्हा परिपथ ‘क्लोज्ड’, म्हणजे बंद असतो. कारण वर्तुळ कोठेही तुटलेले नसते. दिवा विझतो तेव्हा तो ‘ओपन’, म्हणजे खुला होतो. मराठी घरात मात्र ‘दिवा बंद कर’ म्हणजे विझव. त्यामुळे विज्ञानाच्या तासाला ‘बंद परिपथ’ हे शब्द प्रथमच ऐकणारे मूल हमखास उलटे समजते. चूक त्याची नसते. ‘बंद’ या आपल्या शब्दालाही दोन अर्थ आहेत, जोडून पुरे केलेले आणि थांबवलेले, याचा विसर भाषांतरकाराला पडलेला असतो.

वर्तमानपत्रांत रोज भेटणारे ‘शॉर्ट सर्किट’ही याच कुळातले. प्रवाहाने ठरलेला लांबचा मार्ग सोडून दोन तारांमधला आखूड मार्ग धरला, की वाटेतला विरोध अत्यल्प उरतो, प्रवाह एकदम वाढतो, तारा तापतात आणि आग लागू शकते. आगीची बातमी आली की पाठोपाठ ‘शॉर्ट सर्किटचा अंदाज’ येतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, त्यानंतरच्या हळहळीतही हा शब्द आलाच. येथील ‘शॉर्ट’चा अर्थ अल्पकाळ असा नसून आखूड वाट असा आहे.

हाच परिपथ सूक्ष्म होत गेला. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी आणि त्यानंतर लगेच १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी एकाच तुकड्यावर अनेक घटक बसवण्याची कल्पना सिद्ध केली आणि ‘इंटिग्रेटेड सर्किट’ जन्माला आले. किल्बी यांना त्यासाठी २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. खिशातल्या मोबाइलमधील चिप हे त्याच फेऱ्याचे अतिसूक्ष्म रूप होय. चौकातल्या ‘सीसीटीव्ही’मधला पहिला ‘सी’ क्लोज्डचा आणि दुसरा सर्किटचा आहे. त्याचा अर्थ, हे चित्र सर्वांसाठी प्रक्षेपित होत नाही. ठरावीक पडद्यांच्या बंदिस्त वर्तुळातच ते फिरते.

पडद्यावरचे आणि मैदानावरचे फेरे

कोल्हापूर ही चित्रनगरी. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथलीच आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही येथेच स्थापन झाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. त्यामुळे चित्रपट व्यवसायातला ‘सर्किट’ हा शब्द येथील जुन्या मंडळींना अपरिचित नाही. चित्रपटाची पेटी एका वितरकाच्या क्षेत्रात एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत असे. त्या फिरण्याच्या क्षेत्राला सर्किट म्हणत. गंमत अशी, की या व्यवसायाच्या नकाशावर महाराष्ट्र अखंड नाही. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र ‘बॉम्बे सर्किट’मध्ये, विदर्भ ‘सीपी बेरार’मध्ये, तर मराठवाडा ‘निजाम’मध्ये मोडतो. ते प्रांत आणि ते संस्थान केव्हाच इतिहासजमा झाले. पण व्यापाराच्या शब्दांत ते टिकून राहिले. शब्दांना राजवटींपेक्षा दीर्घ आयुष्य असते, याचा हा एक पुरावा.

खेळातही हा शब्द दोन अंगांनी येतो. मोटारींच्या शर्यतीचा वळणावळणाचा बंदिस्त मार्ग म्हणजे सर्किट; गाडी जिथून सुटते तिथेच परत येते. दुसरीकडे टेनिसपटू वर्षभर एका गावाहून दुसऱ्या गावी स्पर्धा खेळत हिंडतात, त्या मालिकेलाही सर्किटच म्हणतात. आपला मल्ल हंगामात एका जत्रेच्या मैदानातून दुसऱ्या जत्रेच्या मैदानात जातो आणि अखेर आपल्या तालमीत परततो. त्याला इंग्रजी पत्रकाराने ‘कुस्तीचे सर्किट’ म्हटले असते.

राहता राहिला बोलीभाषेतला सर्किट. मुंबईच्या बोलीत डोक्याने जरा सटकलेल्या माणसाला ‘सर्किट’ म्हणण्याची रीत आहे. २००३ च्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ चित्रपटात अर्शद वारसी यांनी या नावाची भूमिका केली आणि हा अर्थ घराघरांत पोहोचला. डोक्यातल्या तारा कोठेतरी जुळलेल्या नाहीत, हा त्यामागचा भाव उघडच विजेच्या तारांवरून आला आहे. न्यायालयाच्या बातमीत हा शब्द वाचून काहींच्या ओठांवर हसू उमटले असेल, तर ते याच अर्थामुळे.

घोड्यावरून येणारा न्याय

न्यायालयाशी या शब्दाचे नाते मात्र विजेहून कितीतरी जुने आहे. बाराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने आपले न्यायाधीश गावोगाव पाठवण्याची पद्धत दृढ केली. ११७६ मध्ये देशाचे सहा भाग पाडून प्रत्येक भागात न्यायाधीशांचे पथक फिरू लागले. राजधानीत बसलेला राजा रयतेला दिसत नसे. त्याचा न्याय मात्र वर्षातून काही वेळा घोड्यावरून दारी येत असे. त्या फेऱ्याला ‘सर्किट’ म्हणत. अशा फिरत्या न्यायसत्रांची ती परंपरा १९७१ च्या कायद्याने बंद होईपर्यंत सुमारे आठशे वर्षे टिकली.

अमेरिकेने हीच रीत उचलली. १७८९ च्या कायद्याने तेथे तीन सर्किटे आखली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीच खडतर रस्त्यांवरून दौरे करू लागले. अब्राहम लिंकन वकील असताना इलिनॉय राज्याच्या आठव्या सर्किटमध्ये न्यायाधीशांबरोबर गावोगाव हिंडत असत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९० मध्ये बंगाल आणि बिहारसाठी चार ‘कोर्ट्स ऑफ सर्किट’ स्थापन केली. त्यांचे न्यायाधीश जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून फौजदारी खटले चालवत. १८२९ मध्ये बेंटिंकच्या काळात ती मोडीत निघाली आणि त्यांचे काम महसूल आयुक्तांकडे गेले. त्या आयुक्तांच्या पदनामातही ‘सर्किट’ हा शब्द होता. फिरतीवरच्या या साहेबांच्या मुक्कामासाठी जी घरे बांधली गेली, ती सर्किट हाऊसेस. आपण त्यांना आज शासकीय विश्रामगृह म्हणतो, पण रिक्षावाल्याला ‘सर्किट हाऊस’ असेच सांगतो. म्हणजे ताराबाई पार्कातले सर्किट हाऊस आणि सर्किट बेंच हे भाऊबंद आहेत. दोघांचाही जन्म ‘साहेब फिरतीवर आहेत’ या एकाच वाक्यातून झाला.

कालांतराने फिरणे थांबले, शब्द मात्र राहिला. इंग्लंडमध्ये ‘सर्किट जज’ हे पद आहे. तो घोड्यावरून फिरत नाही. अमेरिकेत संघराज्याच्या अपील न्यायालयांची तेरा सर्किटे आहेत. त्यांची कार्यालये, कर्मचारी, दप्तर सारे कायम आहे. तेव्हा ‘सर्किट’ म्हटले की ते तात्पुरतेच असणार, असे शब्दावरून ठरवता येत नाही. उलट टोकाचे उदाहरण आपल्याच देशात आहे. कोलकाता उच्च न्यायालयाचे अंदमानातील पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, येथील सर्किट बेंच हे शब्दाच्या जुन्या अर्थाला जागते. तेथे कोलकात्याहून न्यायमूर्ती पाळीपाळीने जातात.

कायद्यात काय लिहिले आहे?

मग कोल्हापूरचे सर्किट बेंच कोणत्या प्रकारातले? याचे उत्तर शब्दकोशात नसून राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मध्ये आहे. या कलमाची तीन पोटकलमे आहेत. पहिले उच्च न्यायालयाचे मुख्य ठिकाण ठरवण्याविषयी आहे. दुसऱ्यानुसार राष्ट्रपती हे राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून, अधिसूचित आदेशाद्वारे, अन्य ठिकाणी स्थायी पीठ स्थापन करू शकतात. तिसऱ्यानुसार मुख्य न्यायमूर्ती हे राज्यपालांच्या मान्यतेने ठरवतील त्या अन्य ठिकाणीही न्यायमूर्ती आणि खंडपीठे बसू शकतात.

कोल्हापूरची अधिसूचना या तिसऱ्या पोटकलमाखाली निघाली. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या संपूर्ण कलमात ‘सर्किट’ हा शब्दच नाही. दुसऱ्या पोटकलमाखालच्या पीठाला कायद्यानेच ‘स्थायी’ म्हटले. तिसऱ्याखालच्या व्यवस्थेला नाव दिले नाही. व्यवहाराला नाव लागतेच, म्हणून जुना इंग्रजी शब्द तेथे येऊन बसला.

पक्षकाराच्या दृष्टीने व्यवहारात फरक कोणता? निकालाच्या बळात तर तिळमात्र नाही. कोल्हापुरात बसलेल्या न्यायमूर्तींचा आदेश हा मुंबई उच्च न्यायालयाचाच आदेश असतो. येथे सुरुवातीपासून दोन न्यायमूर्तींचे पीठ आणि एकल पीठे अशी दोन्ही व्यवस्था करण्यात आली. फरक आहे तो पायात. स्थायी पीठामागे राष्ट्रपतींचा आदेश असतो. सर्किट बेंचमागे मुख्य न्यायमूर्तींचा निर्णय आणि राज्यपालांची मान्यता असते. पहिली व्यवस्था हलवणे अवघड, दुसरी तुलनेने लवचीक. म्हणूनच काम सुरू झाल्यावरही ‘आता स्थायी खंडपीठ’ ही मागणी उरतेच, आणि ती मागणी केवळ शब्दाच्या हव्यासापोटी नाही.

या वाटेवरून आपल्या आधी कोण गेले, हेही पाहण्यासारखे आहे. तत्कालीन औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे २७ ऑगस्ट १९८१ पासून न्यायमूर्ती बसू लागले ते याच तिसऱ्या पोटकलमाच्या आधारे. त्याला आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ती व्यवस्था वैध ठरवली. पुढे १९८४ मध्ये तेथे स्थायी पीठ झाले. शेजारच्या कर्नाटकात धारवाड आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे २००८ मध्ये सर्किट बेंच सुरू झाली आणि २०१३ मध्ये ती स्थायी झाली. नागपूर आणि पणजी यांची गोष्ट वेगळी. नागपूरला १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालयच होते, तर पणजीचे पीठ १९८२ मध्ये स्वतंत्र कायद्याने आले. म्हणजे सर्किटकडून स्थायीकडे जाणारी वाट मळलेली आहे. ती आपोआप सरत नाही, एवढेच. संभाजीनगरला तीन वर्षे लागली, धारवाडला पाच.

आपल्या ‘खंडपीठा’चीही तीच कथा

‘सर्किट’च्या अनेकार्थीपणाला हसण्यापूर्वी ‘बेंच’कडे आणि आपल्या ‘खंडपीठा’कडेही पाहावे. बेंच म्हणजे मुळात बाक. शाळेत शिक्षा म्हणून ज्यावर उभे करतात तो बेंच. राखीव खेळाडू बसतात तो बेंच. पुण्याच्या संगणक कंपनीत काम नसलेला अभियंता ‘बेंचवर’ असतो तोही बेंच आणि न्यायाधीशांचे आसनही बेंचच. आसनावरून हा शब्द आसनस्थ व्यक्तींना लागला, पुढे ठिकाणाला लागला.

‘खंडपीठ’ हा शब्दही मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. ‘दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने आदेश दिला’ या वाक्यात तो न्यायमूर्तींची संख्या सांगतो. ‘नागपूर खंडपीठ’ म्हणताना तो मुख्य ठिकाणापासून वेगळे ठिकाण सांगतो. या दुसऱ्या अर्थाच्या खंडपीठात एकच न्यायमूर्ती बसून निकाल देतात, तेव्हा बातमीत ‘खंडपीठाच्या एकल पीठाने’ अशी चमत्कारिक रचना करावी लागते. कोल्हापुरात ‘खंडपीठ मिळाले की नाही’ या चर्चेत दोघेजण तावातावाने भांडत असतील, तर एक जण संख्येविषयी आणि दुसरा स्थायीपणाविषयी बोलत असण्याचा संभव आहे. दोघेही आपापल्या अर्थाने खरे असतात.

मग ‘सर्किट बेंच’ला मराठीत म्हणावे तरी काय? ‘फिरते पीठ’ म्हटले तर अर्थ मूळ शब्दाला धरून होतो, पण वस्तुस्थितीला सोडून जातो. कारण कोल्हापूरचे पीठ आठवडाभर येऊन आवरून जाणारे नाही. ‘परिक्रमा पीठ’ म्हटले तर तीर्थयात्रेचा भास होतो. शिवाय ‘पीठ’ आणि ‘फिरते’ हे शब्द जवळ आले की मराठी माणसाला गिरणी आठवते, ते निराळेच. वृत्तपत्रांनी ‘सर्किट बेंच’ जसेच्या तसे ठेवले, ते म्हणूनच समजण्यासारखे आहे. परका शब्द घेतला याचे दुःख नको. परंतु त्याचा अर्थ न घेता शब्दच तेवढा घेतला, असे होऊ नये.

परका शब्द आपल्याकडे येतो तेव्हा तो सारे जुने अर्थ सोबत आणतो आणि ऐकणारा त्यातला आपल्या परिचयाचा उचलतो. वीजतंत्रीला तार आठवते, चित्रपटवितरकाला पेटी, शिपायाला विश्रामगृह, तरुणाला मुन्नाभाईचा मित्र. गप्पांत यातून विनोद होतो. हक्काच्या प्रश्नात मात्र गैरसमज होतो. ‘सर्किट’ म्हणजे दुय्यम, असे समजून हताश होणाराही चुकतो. ‘बेंच’ मिळाले म्हणजे सारे मिळाले, असे मानून स्वस्थ बसणाराही चुकतो. फलकावरचा शब्द कोणताही असो, त्याखाली कोणते पोटकलम आहे, हे विचारण्याची सवय नागरिकाने लावून घ्यावी. सिंधुदुर्गातील शेतकऱ्याची किंवा सोलापुरातील कामगाराची तारीख कोल्हापुरात लागते आणि तो संध्याकाळी घरी परततो, हा या शब्दाचा आजचा अर्थ आहे. तो उद्याही तसाच राहावा, याची तजवीज दुसऱ्या पोटकलमात आहे.